अबोलीच्या करवंट्या

करर्र… करर्र… लहानपणी आमच्या मये गावातल्या विहिरीवरचा रहाट असा कुरकुरायचा, की झाडांना पाणी चाललंय हे सगळ्या वाड्याला कळायचं, आणि आता ही काळी नळी बघा, आवाज नाही, ओल नाही… म्हणजे ओल आहे, पण मुळाशी, आणि मुळाशी काय चाललंय ते आमच्या हिला, भागीरथीला, पटवायचं कसं, सांगा!

तुम्हाला सांगतो, नळी मी हौसेनं नाही घातली. शिगमो, म्हणजे आमची होळी, सरली की आमची विहीर तळाला जाते. परसात गडग्याच्या, म्हणजे दगडी कुंपणाच्या, कडेनं हिची अबोली, केरीहून, माहेराहून आणलेली, तिची फाती, म्हणजे गजरा, केसांत माळल्याशिवाय ही बाजारात जात नाही. आणि हिचे गुडघे? डॉक्टर म्हणाला, वाकणं बंद. आता न वाकता कळशी ओतायची कशी, आणि नाही ओतली तर अबोली गेलीच की… मग आमचा पोरगा प्रज्योत डिचोलीहून ठिबक घेऊन आला, रविवारभर उन्हात बसून झाडाझाडाशी तोटी लावली आणि म्हणाला, आई, आता तू नुसती खुर्चीवर बस.

बसली. बघत राहिली. मग मला म्हणते, "पाणी खंय दिसता हो?"

म्हटलं, थेंब थेंब पडतंय. तर म्हणते, "झाडां काय दुखणाईत आसत, सलायन लावूक?"

मी तोंड उघडेपर्यंत तिचं बोलून झालेलं असतं, हे लग्नापासूनचं. दुसऱ्या सकाळी बघतो तर काय, प्रत्येक तोटीखाली करवंटी! थेंब साठवायचे, भरली की वाकून उचलायची, आणि त्याच झाडाच्या मुळात ओतायची! अगं, म्हटलं, ते पाणी तिथंच पडत होतं ना? तर म्हणते, पडत होतं, पण दिलं कोणी?

आता याला उत्तर आहे का तुमच्याकडे? मी करवंट्या लपवल्या, हिनं चहाचे कप मांडले. शेजारची सुशीला विचारते, काकी, झाडांना चहा? तर ही कमरेवर हात ठेवून, "तुका तरी पाणी खंय दिसता?" कळशी सुटली, वाकणं दुप्पट झालं, आणि संध्याकाळी गुडघ्यांना तेल चोळायला मी… चोळतो, तक्रार नाही.

शेवटी मीच नळी उपटली आणि गडग्यावर खुंट्या मारून तिच्या कमरेइतकी वर बांधली. खाली करवंट्या, गडग्यावरच. आता ही उभ्यानं एकेक उचलते, ज्या त्या झाडाशी बोलत बोलत ओतते. पाणी तेवढंच, गुडघे खूश, अबोली तर अशी फुललीय… आणि हिला पाणी दिसतंय!

काल प्रज्योत आला. बघतो तर नळी गडग्यावर, खाली करवंट्यांची रांग, आई ओततेय, बाप रिकाम्या करवंट्या परत जागेवर ठेवतोय. त्यानं नळीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

म्हटलं, "ठिबकच आहे रे, फक्त… हातानं देतो."

त्यानं काढलेलं हेल्मेट परत डोक्यावर चढवलं, आणि निघून गेला.