डोंगराचं प्लास्टर

राजारामपुरीतल्या हाडांच्या दवाखान्यात, हात प्लास्टरात घालून बसलेल्या म्हातारीनं शेजारच्या गृहस्थाला विचारलं,

“पावणं, तुमचं काय मोडलंय?”

“डोंगर.”

“आँ?”

“खेळातल्या रेल्वेचा हो, आक्का. कोल्हापूरची गाडी कोकणात उतरवाय लागलोय, तर बोगदाच ढासळला. डॉक्टरांकडनं प्लास्टरची पट्टी न्यायची हाय.”

“सरकारला जमंना, ते तुमी घरात करताय व्हय?”

“तीन वर्सं झाली. अजून गगनबावड्याच्या घाटातच हाय.”

“माझं प्लास्टर आज काढणार हायेत. कोपरात वाकडं हाय, चालंल?”

“पळंल की! वळणाचाच बोगदा पायजे हुता.”

“पर त्येच्यावर नातीनं ‘सावकाश जा’ म्हणून लिवलंय.”

“पुसू नका, आक्का. घाटात पाटी लागतीच.”