मेन पिक्चर कुठला?

...आता तुम्हीच सांगा पावणं, डॉक्युमेंटरी बघायला कुणी आवतण देतंय का? आं? डॉक्युमेंटरी म्हंजे धरणाचं उद्घाटन, महापूर, टोळधाड... ती लागली की शहाणा माणूस भाईर जाऊन च्या पितो आणि मेन पिक्चर लागला की आत! आख्खं कोल्हापूर असंच पिक्चर बघतंय. आणि ह्यो वीरभद्र, जयसिंगपूरचा, बँकेत कारकून, आमच्या पोरीला, गिरिजाला सांगून आलेला, मानंपतुर केस... ह्यो मला म्हणतोय, "मामा, रविवारी आमच्या फिल्म क्लबात पंक-रॉक गाण्यांची डॉक्युमेंटरी हाय, गिरिजाला घिऊन या की." मेन पिक्चरचं नाव? न्हाई सांगितलं! तवाच मनाशी म्हटलं, बसाप्पा, कुठंतरी पाणी मुरतंय!

आमची बायकू मल्लव्वा म्हणती, "जावा की, पोरगं चांगलं हाय." चांगलं हाय म्हणं! अवो, मी अजून व्हय म्हटलं न्हवतं! आणि मी व्हय म्हणंपतुर ह्या दोघांनी एकमेकांशी चकार शब्द बोलायचा न्हाई, ही आमच्या घरची रीत. म्हणून बसलो कसं? हिकडं गिरिजा, तिकडं वीरभद्र, मधी मी. घट्ट!

आणि सुरू झालं की वो... आई अंबाबाई! केस कोंबड्याच्या तुऱ्यावानी हुबं, त्ये बी हिरवं! गालात सेफ्टीपिन! आम्ही लेंग्यात नाडी ओवतो त्याच पिना, आणि ह्यांनी गालात! एकजण गिटार घेतोय आणि आपटतोय, पंचगंगेवर गोधडी आपटल्यागत! आणि मागनं एक बाबा इंग्रजीत माहिती सांगतोय. माहिती सांगतोय म्हंजे डॉक्युमेंटरीच! म्हटलं, विलायतेत कायतरी आपत्ती आलीया, बघंल तिथलं सरकार. उठलो, खुर्चीवर छत्री ठेवली राखणीला, आणि भाईर च्याला.

च्यावाल्याला म्हटलं, "मेन पिक्चर लागला की हाक मार." तर म्हणतो, "आण्णा, ह्योच मेन पिक्चर." च्यावाला सुदिक फितूर! वर मशीनवाल्याकडं गेलो. "खरं सांग, मेन पिक्चर कुठला?" "ह्योच की!" "किती येळाचा?" "सव्वा तासाचा." सव्वा तासाची डॉक्युमेंटरी? मला काय खुळा समजला काय? पाणी मुरतंय! ह्यांचा डाव ध्यानात आला माझ्या. मला कटाळा यावा, मी पोरीला घिऊन घरला जावं, आणि मग खरा पिक्चर लावायचा... तसला! म्हटलं, लावा की, हिंमत हाय का? दाराशीच हुबा ऱ्हायलो. भडंग खाल्लं, परत च्या घेतला. आतनं नुसतं धडामधुडूम, आणि मी भाईर खूश... कसा डाव हाणून पाडला!

आणि एकदम दिवं लागलं, माणसं भाईर. "अरं, पिक्चर?" एकजण म्हणतो, "संपला की आण्णा!"

मागनं गिरिजा आली, तिच्यामागनं वीरभद्र. छत्री त्याच्या हातात! म्हंजे मधल्या खुर्चीवर...?

पोरगी म्हणती, "आप्पा, आमचं ठरलं."

म्हटलं, "अगं, एवढ्या दंग्यात एकमेकांचं ऐकू तरी आलं का?"

"न्हाई आलं, म्हणून तर जवळ सरकून बोलाय लागलं!"

घरात मल्लव्वा इचारती, "कसला हुता वो पिक्चर?" काय सांगू तिला, सांगा! पाणी मुरतंय मुरतंय म्हणत मी दारात राखण करत हुबा, आणि आत मुरून पेरणीजोगा वाफसा बी आलता! आता काय... काढा म्हटलं मुहूर्त.