डाव्या पंखाची तार

ठिकाण ब्रुएल पोलीस ठाणे, दिनांक ९ सप्टेंबर १९१०

मी थेओद्यूल लामार्क, वय ७१ वर्षे, धंदा निवृत्त शाळामास्तर, राहणार ब्रुएल, चर्चच्या मागे. समक्ष हजर राहून सांगतो की,

याच गावचा फिर्मँ दोरेल हा माझा जुना विद्यार्थी. त्याने गावाबाहेरच्या कोठारात लाकूड, कापड आणि तारा यांचे उडते यंत्र बांधले आहे. मी तेथे रोज सकाळी जात असे. उडण्याआधी प्रत्येक तार बोटाने छेडून पाहायची, अशी त्याची रीत. सैल तार बद्द वाजते, ताणलेली गाते. माझा कान बरा म्हणून ते काम माझ्याकडे असे. "गुरुजी, तुमचं वाद्य लावून घ्या," असे तो म्हणे. मला त्या यंत्रात पहाटेचा चंडोल दिसे. (पुढील वर्णन हवालदारांच्या सांगण्यावरून गाळले आहे.)

काल सकाळी फिर्मँ पेट्रोल आणायला गेला असता मी तारा छेडल्या. डाव्या पंखाची मागची तार उजवीपेक्षा खाली बोलत होती. दोन्ही एका सुरात येईपर्यंत मी तिचा स्क्रू फिरवला. मला तसे कोणी सांगितले नव्हते.

फिर्मँ परत आला. वारा सुटण्याच्या आत त्याला निघायचे होते. "पाहिल्यात तारा?" "सुरात आहेत," मी म्हणालो. त्याने स्वतः पाहिल्या नाहीत.

यंत्र झाडांवरून गेले, डावीकडे कलले आणि गास्पार ब्रोशे याच्या बीटाच्या शेतात कोसळले. फिर्मँचे मांडीचे हाड मोडले. उचलून नेताना तो सर्वांसमक्ष म्हणाला, "डावी तार कुणी ताणली? इंजिनाच्या पंख्याच्या फेऱ्याने यंत्र डावीकडे झुकतं. डावा पंख जास्त उचलावा म्हणून परवा संध्याकाळीच ती सैल केली होती मी."

गास्पारही माझाच विद्यार्थी. मागे यंत्र त्याच्या शेतात उतरले तेव्हा बघ्यांनी बीट तुडवले, म्हणून तो रविवारी कॅफेत म्हणाला होता, "पुन्हा ते पाखरू माझ्या शेतात उतरलं, तर पिसं उपटून सूप करीन!" सगळे हसले होते, फिर्मँसुद्धा. काल हवालदारांनी मला विचारले, "असं म्हणाला होता हा?" मी "म्हणाला होता" असे सांगितले. तेवढेच सांगितले. गास्पारला माझ्यासमोर पकडून नेले.

संध्याकाळी मी फिर्मँकडे गेलो. तो म्हणाला, "गुरुजी, गास्प्याला सोडवा. तोंडाळ आहे, पण असलं नाही करणार. तुमचं ऐकतील पोलीस." मी "सांगतो" म्हणालो, त्याला पाणी पाजले आणि घरी आलो.

आज सांगत आहे. तारेला गास्पारने हात लावलेला नाही. मी लावला.

हे सांगत असता गास्पार कोठडीतून ओरडला, "गुरुजी, कविता सुरात येत नाही म्हणून बाकावर उभं करायचात मला! 'याला सुराचा कान नाही' म्हणायचात, ते लिहून द्या की आता हवालदारांना!" आणि हसला.

त्याच्या मागणीवरून लिहून देतो की, गास्पार ब्रोशे यास सुराचा कान नाही; दोन तारा एका सुरात आणणे त्याला जमणारे नाही. ही गोष्ट मला तो लहान असल्यापासून ठाऊक आहे. काल मी ती हवालदारांना सांगितली नाही.

हा मजकूर हवालदारांनी मला मोठ्याने वाचून दाखवला. "सुरात आहेत" येथे ते थांबले. मी पुढे वाचा म्हणालो. सर्व मी सांगितले तसेच आहे.

थे. लामार्क