कोठारापाशी दिवे

शोभना : अर्धं पानच मागतेय ना ती? त्यासाठी एरंडेल प्यायल्यासारखं तोंड कशाला?

गुणवंत : अर्ध्या पानातही खोटं मावतं गं. आता हा मागचा हॉर्न कशाला मारतोय? मी काय उडून जाऊ?

शोभना : मारू दे. एकवीस वर्षं शारजात नहदाच्या या सिग्नलला हॉर्न ऐकतेय. विषय बदलू नका. डोरीनबाई नेमकं काय म्हणाल्या?

गुणवंत : टॅलबर्टला सव्वाशे वर्षं होतायत. तिकडे कॅनडात गवताच्या माळावरच्या गावांची पद्धत आहे, गावाचं पुस्तक काढतात. प्रत्येक घराला अर्धं पान. कुठून आलात, गावासाठी काय केलंत, पुढे कुठे गेलात. ती लायब्ररी सांभाळते, म्हणून पुस्तकही तिच्याच गळ्यात. म्हणाली, "सहा वर्षं रात्रीचे फोन तू उचलतोस, तुझं पान हवंच."

शोभना : आणि तिला वाटतं तुम्ही तिथेच, गावच्या ऑफिसात बसता.

गुणवंत : सगळ्यांनाच वाटतं. रूलच आहे तो. तिथलं ऑफिस बंद झालं की फोन आपोआप आमच्या अल क्वोजच्या ऑफिसात. "टॅलबर्ट टाऊन ऑफिस" म्हणून उचलायचा, कुठून बोलतो ते सांगायचं नाही. त्यांची रात्र, आपला दिवस. भर एप्रिलात बाहेर ऊन मी म्हणतंय आणि मी सांगतोय, "रस्त्यावर बर्फ आहे, सांभाळून चालवा."

शोभना : आज संपतंय ना पण सगळं? उद्यापासून मशीन उचलणार फोन. मग कसला रूल?

गुणवंत : पाच वाजेपर्यंत आहे.

शोभना : तुमची नोकरी खलास, त्यावर आपल्या तिघांचे व्हिसा खलास. आज दुपारी सोफा न्यायला माणूस येतोय, इराला घरी थांबवलंय त्यासाठी. आणि तुम्ही रूल सांभाळा! आपलं तर म्हणजे, घर ना दार आणि चावी खिशात.

गुणवंत : चिडू नकोस गं सकाळी सकाळी.

शोभना : चिडत नाहीये. दमलेय. लिहा की सरळ, टॅलबर्टमध्ये राहतो म्हणून. कोण बघायला येणार आहे?

गुणवंत : नाही लिहवत. फोनवर बोललेलं हवेत जातं. पुस्तकातलं राहतं. आणि ती माणसं साधी आहेत गं. रेल्वेनं स्टेशनांची नावं एबीसीडीनं ठेवली, याची पाळी आली तेव्हा टी, म्हणून टॅलबर्ट. बिचाऱ्यांनी तेच नाव मिरवलं. पुढे रेल्वे गेली, रूळ उपटून नेले. दवाखाना गेला. तरी बसलीयेत तिथे. म्हाताऱ्यांना डबे पोचवायच्या पाळ्या लावतात, शेजारच्याच्या दारातला बर्फ उपसतात. कुणी गेलं की बायका हॉलमध्ये जमून सँडविच करतात, सगळ्या गावाला पुरतील एवढे. हॉलच्या कुलपाचा नंबर माझ्याकडेच मागतात.

शोभना : माझी आई गेली तेव्हा आपल्याला तिकीट मिळेना. तेव्हा हमीदाभाभींनी तीन दिवस चूल पेटू दिली नाही आपल्याकडे. नवव्या मजल्यावरून पेज काय, भात काय, आणि इराची वेणीसुद्धा त्याच घालायच्या. रत्नागिरीची बाई, ना नात्याची ना गोत्याची. तिला कोण देणार अर्धं पान?

गुणवंत : खरंय.

शोभना : म्हणून सांगतेय. एकवीस वर्षं राहिलो इथे. आपण गेलो की आठवड्याभरात दुसरं कुणी त्या फ्लॅटमध्ये. आपण होतो, हे कुठे दिसणारसुद्धा नाही. मला हवंय हो ते पान. जगाच्या दुसऱ्या टोकाला का असेना, कुठेतरी असू दे नाव.

गुणवंत : आणि खरं लिहिलं तर? ती रात्र आठवते ना तुला? डोरीनचा नवरा वॉल्ट पडला होता अंगणात, बर्फात.

शोभना : आठवते ना. तुम्ही आला होतात आणि जेवला नव्हतात.

गुणवंत : अँब्युलन्स दुसऱ्या गावाहून यायची होती. ती त्याचं डोकं मांडीवर घेऊन बसलेली आणि फोनवर मी. सारखी विचारत होती, "येतेय का रे? तुझ्या खिडकीतून दिसते का?" माझ्या खिडकीतून टायरचं गोडाऊन दिसतं. मी म्हटलं, "हो, दिसले दिवे. धान्याच्या कोठारापाशी आलेत, हे काय वळलेच." गावाच्या तोंडाशी ते उंच लाकडी कोठार, मला ट्रेनिंगच्या फोटोवरून पाठ होतं.

शोभना : वॉल्ट वाचले नाहीतच.

गुणवंत : नाही. पण तिला वाटतं, त्या रात्री गावातलं कुणीतरी खिडकीशी जागं होतं. ते पुस्तकात पुसून टाकू मी? त्यापेक्षा पान नको. वेळ नाही म्हणून सांगतो.

शोभना : सांगा. तुमचं आपलं नेहमीचंच. हातातोंडाशी आलेलं परत करायचं. उतरवा मला क्लिनिकपाशी, ड्यूटीला उशीर होतोय.

(संध्याकाळ. तीच गाडी, तसाच जॅम, अल क्वोजमध्ये, तोंड उलट्या दिशेला.)

शोभना : झालं का सांगून?

गुणवंत : झालं.

शोभना : काय म्हणाल्या?

गुणवंत : सांगतो, पुढचा सरकू दे जरा. मी आपलं घोकलेलं म्हणून टाकलं, पान राहू दे, घाईत आहे. ती म्हणाली, "कोठाराचं तुला सांगायचं राहिलंय." म्हटलं, काय? म्हणाली, "ते कोठार आम्ही त्या रात्रीच्या दोन वर्षं आधी पाडलं. अख्खं गाव खुर्च्या टाकून बघायला बसलं होतं. मी आणि वॉल्टपण."

शोभना : अगंबाई! म्हणजे त्याच रात्री…

गुणवंत : तिथल्या तिथे कळलं होतं तिला. नसलेल्या कोठारापाशी मी दिवे लावले होते.

शोभना : मग चार वर्षं बोलल्या नाहीत त्या?

गुणवंत : तेच विचारलं मी. म्हणाली, "मला तेव्हा दिवे हवे होते, ते तू दिलेस. वॉल्टलाही मी तेच सांगत होते, दिवे दिसले म्हणून. तू कुठे बसलायस ते विचारायची वेळ होती का ती?"

शोभना : थांबा, मला रडू येतंय.

गुणवंत : मलाही आलं. शिफ्टमध्येच. बाजूचा फहद पाणी घेऊन आला, त्याला वाटलं नोकरी गेली म्हणून रडतोय.

शोभना : मग पान?

गुणवंत : म्हणाली, "जिथे बसलायस तिथलंच लिही. सोमवारपर्यंत पाठव." गावानं ठरवलं की माणूस गावचा, असं म्हणाली. पाच वाजून गेले होते तेव्हा. मी सांगितलं सगळं, शारजा, नहदा, तू, इरा.

शोभना : हमीदाभाभींचं घाला.

गुणवंत : टॅलबर्टच्या पुस्तकात?

शोभना : घाला म्हणते ना! "शेजार" म्हणून घाला. आणि ते शेवटचं, पुढे कुठे गेले? आपलंच अजून ठरलं नाहीये, पुण्याला तुमच्या भावाकडे की नाशिकला.

गुणवंत : म्हटलं मी तिला. ती म्हणाली, तेवढी ओळ कोरी सोडू. पोचलात की कळवा… हे बघ, इराचा फोन. स्पीकरवर घे.

इरा : बाबा, व्हेअर आर यू? सोफा नेला त्यांनी. टीव्हीचं टेबलपण. इट्स सो एम्प्टी. आय ॲम सिटिंग ऑन द फ्लोअर.

शोभना : वर हमीदाभाभींकडे जाऊन बस ना, सोन्या.

इरा : आय डोन्ट वॉन्ट टू, आई. आय जस्ट वॉन्ट यू गाइज होम.

गुणवंत : आलोच बेटा. हे काय, आपल्या टॉवरचे दिवे दिसायला लागले.

शोभना : अहो…

इरा : बाबा, आय कॅन सी युअर लोकेशन. यू आर स्टिल इन अल क्वोज.

गुणवंत : हो गं. चुकलं.

इरा : नाही, इट्स ओके. फोन ठेवू नका. कुठले कुठले दिवे दिसतायत, सांगा.