चौदावी फळी

मिस्त्री : ते मागाहून ऐकतो. वखारीत जाऊन तुम्ही काय विचारलंत, तेवढं आधी सांगा.

हवालदार : तू आधी ट्रकच्या हौद्यात चढ. तळ बघ. मग विचार.

मिस्त्री : तळ मी फाटकातूनच बघितला. मधोमध वर आलाय, सलामीला छाती काढल्यासारखा. दोन बोल्ट उपटलेत.

हवालदार : तीन. आणि बसवून महिनासुद्धा झाला नाही. येत्या रविवारी माझ्या पलटणीतले अकरा जण या ट्रकमध्ये बसणार आहेत. सगळे सत्तरीच्या पुढचे, काठ्या टेकत येणारे. त्या उंचवट्याला एखाद्याचा पाय अडकला तर मी कुणाच्या तोंडाकडे बघू?

वहिनी : भाऊजी, तुम्ही बसा तरी. उभ्या उभ्या भांडलं की भांडण लांबतं.

मिस्त्री : बसत नाही, वहिनी. आज सकाळी लाकडं बघायला वखारीत गेलो, तर बोलणाऱ्यांची तोंडं मिटली. बावीस वर्षं माझ्यापुढे स्टूल सरकवणारा वखारवाला पावतीपुस्तक चाळत बसला. खोदून विचारलं तेव्हा म्हणाला, तुमच्या शेजारचे हवालदार येऊन गेले. मिस्त्रीने एवढ्यात जुनं सुकं लाकूड कुणाला विकलं का, असं विचारत होते. शाळेच्या बाकांचं काम मला मिळायचं होतं. दुपारी शिपाई निरोप घेऊन आला, थोडं थांबा, अजून ठरलेलं नाही. काल ठरलं होतं.

हवालदार : मी विचारलं. आरोप केला नाही.

मिस्त्री : तळ्यात खडा टाकायचा आणि म्हणायचं, तरंग माझे नाहीत.

हवालदार : मग तू उत्तर दे. ही गाडी भंगारातून सोडवली त्या दिवशी मी लाकूड घेतलं. सहा वर्षं माळ्यावर सुकवलं. ते तुझ्या हवाली केलं. तू म्हणालास, इथे नको, रंधा मी माझ्या कारखान्यात मारतो. चार दिवस ते माझ्या नजरेआड होतं.

मिस्त्री : म्हणजे लाकडाबरोबर पहारेकरीही पाठवायचा होता.

हवालदार : परत आलं ते गुळगुळीत, तेल पाजलेलं. तेच की दुसरं, मी कसं ओळखायचं?

वहिनी : लग्नात मलाही असंच नटवून पुढे उभं केलं होतं. तेव्हा नाही विचारलंत, तीच की दुसरी.

हवालदार : तू मध्ये पडू नकोस. आणि मोजणी सांगतो. जुन्या तळाला तेरा फळ्या होत्या. फौजेत सोळा वर्षं मी ही गाडी चालवली, धुतली. झोपेतून उठवून विचार, तेराच सांगेन. तू चौदा बसवल्यास. ती कडेची, चार बोटं रुंदीची, ती कुठून आली?

मिस्त्री : तुमच्याच लाकडातला उरलेला तुकडा. कडेला जागा राहिली, भरून काढली.

हवालदार : हौदा तोच. नवी फळी जुनीच्याच मापाची, हे तुझेच शब्द. मग जागा राहते कशी?

मिस्त्री : जुनं काम ढिलं होतं. मी घट्ट केलं.

हवालदार : कुठेतरी पाणी मुरतंय. मी नाक्यावरच्या फर्निचरवाल्याला आणून दाखवलं. तो म्हणाला, लाकूड ओलं आहे. ओलंच असं उचलतं.

मिस्त्री : दाखवलंत? माझ्या कामावरून दुसऱ्याचं बोट फिरलं, आणि मला ते आज कळतंय. तो भुसा चिकटवून कपाटं करतो, हवालदार. झाड त्याने कॅलेंडरवर पाहिलं असेल. सोळा वर्षं भिंतीला भिंत लावून राहिलो आपण. तुमच्या नातीचा पाळणा मी केला, आणि मला विचारायच्या आधी तुम्ही त्याला विचारलंत.

हवालदार : ज्याच्यावर संशय, त्यालाच विचारायचं?

वहिनी : अहो, जरा जपून. तोंडातून सुटलेलं माळ्यावर परत ठेवता येत नाही.

(मिस्त्री फाळक्याला धरून हौद्यात चढतो. गुडघे टेकतो आणि आजारी गाईच्या पाठीवरून फिरवावा तसा फुगलेल्या फळ्यांवरून हात फिरवत राहतो. चोर ठरवल्याचा राग त्याच्या कानांत असतो, जिभेवर असतो; बोटांना तो ठाऊकच नसतो.)

मिस्त्री : गाडी भिजली का?

हवालदार : धुतली. पाइप लावून, रोज. पलटणीची पद्धत आहे.

वहिनी : यांची अंघोळ एक वेळ टळेल, गाडीची नाही.

मिस्त्री : मग ऐका, आणि त्या कपाटवाल्यालाही ऐकवा. ओलं लाकूड बसवलं की ते पुढे वाळतं. वाळलं की अंग चोरतं, आणि फळीफळीत फट पडते. इथे फट दाखवा मला. नख जात नाही. हे लाकूड फुगलंय. फुगतं कोण? जे कोरडं असतं ते. सहा वर्षं तहानलेलं लाकूड, त्याला तुम्ही रोज पाणी दाखवलंत, ते प्यालं. मी ओलं घातलं असतं तर आज तुम्हाला हौद्यातून खालची जमीन दिसली असती. तुमचंच लाकूड आहे. हा फुगवटा माझा साक्षीदार.

हवालदार : तुझ्या सोयीचा साक्षीदार दिसतोय.

मिस्त्री : माझ्यावर नका ठेवू विश्वास. तुमच्या घराचं मागचं दार पावसाळ्यात कसं वागतं?

वहिनी : लाथ घातल्याशिवाय लागत नाही. आणि उन्हाळ्यात वाऱ्यानेसुद्धा उघडतं. खरं आहे हो यांचं.

हवालदार : म्हणजे... लाकूड तेच.

मिस्त्री : तेच.

वहिनी : पण भाऊजी, एक विचारू? तहानलेलं लाकूड पाणी पिणार, पिऊन फुगणार, हे तुम्हाला पक्कं ठाऊक. मग त्याला फुगायला जागा का नाही ठेवलीत?

हवालदार : थांब. जुन्या तळात जागा होती. दोन फळ्यांच्या मध्ये पेन्सिल जायची. चिखल धुतला की पाणी तिथूनच खाली उतरायचं. मिस्त्री? तू ती पाहिली नव्हतीस?

मिस्त्री : होती जागा. मी पाहिली होती. मातीने भरलेली. मला वाटलं, झीज झाली असेल. ...नाही, खोटं कशाला बोलू. झीज वाटली नव्हती. कडा सरळ होत्या. कुणीतरी मोजून ठेवलेल्या फटी होत्या त्या.

हवालदार : मग?

मिस्त्री : हाताला सोसवेना. चाळीस वर्षं दारं केली, पलंग केले, पाळणे केले. सांध्यातून उजेड दिसला तर वडील मोजायच्या गजाने बोटांवर मारायचे. घरात फट म्हणजे लाज. म्हटलं, हे घाईचं काम आहे, आपण सुधारून देऊ. फळीला फळी अशी भिडवली की मीच बघत बसलो. मग कडेला चार बोटं जागा उरली. उरणारच. सगळ्या फटी गोळा करून मी एका कडेला नेल्या होत्या. ती तुमची चौदावी फळी.

वहिनी : हात दाखवून अवलक्षण म्हणतात ते हेच, भाऊजी.

मिस्त्री : चौदावी काढतो. बाकीच्या मोकळ्या करून सावलीत वाऱ्याला उभ्या करतो. शुक्रवारपर्यंत बऱ्याच ओसरतील. शनिवारी मध्ये पेन्सिल ठेवून पुन्हा बसवू. पेन्सिल तुम्ही धरा. माझ्या हाती दिलीत तर मी ती काढून टाकीन.

हवालदार : धरतो. आणि वखारीत मी आत्ताच जातो. माझ्यामुळे तुझं नाव गेलं.

मिस्त्री : जाऊन काय सांगाल?

हवालदार : लाकूड तेच आहे. मिस्त्रीने बदललं नाही.

मिस्त्री : ते विचारतील, मग तळ उचलला कसा?

हवालदार : सांगेन, मीच पाणी जास्त मारलं.

मिस्त्री : फौजेची गाडी पाण्याने बिघडते, हे कोण मानेल? तुम्ही माझ्या चुकीवर पांघरूण घालताय, हे वखारवाला मान वर न करता ओळखेल. पुन्हा कुजबुज. शाळा पुन्हा थांबा म्हणेल.

वहिनी : म्हणजे चोर नाही म्हणावं, तर अडाणी ठरता.

मिस्त्री : वडिलांच्या हाताखाली शिकलेला माणूस, आणि त्याला सांधा कळला नाही. तेही तिथेच लाकूड घ्यायचे, वहिनी. त्यांना ओळखणारे दोघे अजून आहेत तिथे.

हवालदार : चूक मी केली, संशय मी पेरला. मी काय बोलायचं ते तू सांग. शब्द बदलणार नाही.

मिस्त्री : मिस्त्रीने लाकूड चोरलं नाही. मिस्त्रीला फट ठेवता आली नाही.

हवालदार : एवढंच?

मिस्त्री : एवढंच. पण कुणाच्या कानाशी लागून सांगू नका. तिथे दिवसभर करवत चालते. मोठ्याने सांगावं लागेल.