भगवंत मास्तरांनी गहू सोडला

...आणि वर लोक म्हणायचे, नवरा असावा तर भगवंत मास्तरांसारखा! अहो, असावा कशाला? रोज कोणी ना कोणी बाई दुकानावरून जाताना आपल्या नवऱ्याला कोपरानं ढोसायची, "बघा, बायकोसाठी गहू सोडलाय त्यांनी, नाहीतर तुम्ही!" आणि इकडे मास्तरांची मान मशीनवर अशी खाली जायची, अशी खाली जायची, की सुईत दोरा ओवतायत की तोंड लपवतायत ते कळू नये. तोंडच लपवत असायचे, तुम्हाला सांगतो. कारण त्या तोंडाला दर रविवारी सकाळपासून तुपाचा वास यायचा... आता मला सांगा, कोणी सांगितलं होतं शपथ घ्यायला?

थांबा, नीट सांगतो. भगवंत मास्तर म्हणजे शाळेतले नव्हेत, शिंपी. आमच्या देवासात गाव एक आणि राजे दोन होते, थोरली पाती आणि धाकटी पाती, रस्त्याच्या या अंगाला एकाचं राज्य आणि त्या अंगाला दुसऱ्याचं. मास्तरांच्या आजोबांनी दोन्हीकडचे अंगरखे शिवले, पण याच्या कमरेचं माप कधी त्याला कळू दिलं नाही. असं गोष्ट पोटात ठेवणारं घराणं! मग स्वराज्य आलं, दोन्ही पात्या गेल्या, अंगरखे गेले, आणि मास्तरांच्या हातात शाळेच्या पोरांच्या खाकी चड्ड्या आल्या. तेही चाललं असतं हो. पण मालनचं दुखणं काही जाईना.

मालन म्हणजे त्यांची बायको. काय सांगू, बाई नुसती वाळत चालली होती. पोट फुगायचं, अन्न अंगी लागेना, आणि दोन्ही कोपरांवर, गुडघ्यांवर अशी पुटकुळ्यांची खाज, की रात्रंदिवस खाजवून रक्त काढायची. टेकडीवरच्या देवीचा अंगारा झाला, वैद्याचे काढे झाले. मास्तरांची थोरली बहीण अक्का, ती घरातच असते, ती दर आंघोळीला गव्हाचा कोंडा सायीत कालवून मालनला घासायची. म्हणायची, "कोंड्यासारखी कांती कशानं येत नाही." कांती कसली येते! शेवटी मास्तरांनी तिला मोटारीत घालून इंदूरला डॉक्टरकडे नेलं. डॉक्टर म्हातारा, शांत. त्यानं सगळं ऐकलं आणि विचारलं, बाई, तुम्हाला शेवटचं बरं कधी वाटत होतं? मालन म्हणाली, रेशनच्या दिवसांत. डॉक्टरला वाटलं, थट्टा करते. पण खरंच होतं ते. ज्या दिवसांत गव्हाचं दर्शन नव्हतं, नुसती ज्वारी आणि मका मिळायची, अख्खं देवास सरकारच्या नावानं बोटं मोडत होतं, त्या दिवसांत ही बाई चांगली धडधाकट होती! डॉक्टरनं चष्मा काढला, पुसला, आणि म्हणाला, काही काही पोटांना गहू सोसत नाही, परदेशात हल्ली असं दिसून यायला लागलंय. गहू बंद. रवा, मैदा, कणीक, सगळं बंद.

माळव्यात गहू बंद! अहो, इथं माणूस जन्माला आला तरी गहू, मेला तरी गहू. पण मालन रडली ती त्यासाठी नाही. परतीच्या मोटारीत ती म्हणाली, आता तुमच्या पोळ्या वेगळ्या, माझी भाकरी वेगळी, एका घरात दोन स्वयंपाक व्हायचे. एवढंच. यावर गप्प बसायचं की नाही? खिडकीतून बाहेर बघायचं! पण मास्तरांना भरून आलं. भर मोटारीत ते म्हणाले, "आजपासून आपल्या घरात गव्हाचा दाणा येणार नाही. तू नाही, तर मीही नाही. देवीची शपथ!" मोटार भरलेली होती, आणि सगळी मोटार देवासची. मास्तर उतरून घरी पोचायच्या आत बातमी घरी पोचली होती... कोणी सांगितलं होतं हो?

मग सुरू झालं! घरातली कणीक उमाशंकर भियाला परत गेली. भिया म्हणजे आमच्याकडचा भैया; हा उमाशंकर म्हणजे मास्तरांच्या शेजारचा किराणावाला, दुकानाला दुकान लागून आणि परसाला परस लागून. त्यानं कणीक परत घेतली आणि सहज सांगून टाकलं, "मास्तर, वो हींग भी दे दो, उसमें भी आटा मिला रेता हे." घ्या, हिंगही गेला! अक्कानं तर कमरच बांधली. तिचं म्हणणं, जे पोटाला नको ते अंगाला कशाला? डॉक्टर अंगाबद्दल चकार शब्द बोलला नव्हता, पण कोंड्याचा डबा गाईच्या पुढ्यात रिकामा झाला. त्याच्या जागी मसुरीचं पीठ, आंबेहळद आणि साय आली, खाजेला कडुलिंबाचं पाणी आणि वरून करंजेल. दिव्याच्या अवसेला कणकेचे दिवे जाऊन तांदळाच्या पिठाचे आले. आणि अक्का दुकानात येऊन मास्तरांची खळसुद्धा उचलून घेऊन गेली! कॉलरला कडकपणा यावा म्हणून मैद्याची खळ लावतात ना, ती. मास्तर म्हणाले, ही काय मालन खाणार आहे? अक्का म्हणाली, "शपथ म्हणजे शपथ." झालं, तांदळाची खळ आली, आणि दोन धुण्यांत साऱ्या गावाच्या कॉलरी मान टाकून बसल्या.

पण खोटं कशाला बोलू, मालन सुधारली. भाकरी, मक्याची रोटी, वरीचा भात, राजगिऱ्याची खीर... बाईच्या अंगाला मांस धरलं, कोपरं अशी स्वच्छ झाली की ती बाह्या वर करून बायकांना दाखवायची. त्या वेळी मास्तरांना काय वाटत असेल! आनंदानं नुसता ऊर भरून यायचा. आणि पोट? पोट रिकामं राहायचं. दोन दोन भाकऱ्या खाऊन उठायचा हा माणूस आणि तरी जेवल्यासारखं वाटायचं नाही. त्यात रविवार उजाडला की गल्लीत घरोघर परसात गोवऱ्या पेटायच्या, दाळ-बाफल्यांची तयारी. तुम्ही माळव्यातले नसाल तर सांगतो, बाफला म्हणजे कणकेचा गोळा, आधी पाण्यात उकडायचा, मग गोवऱ्यांच्या आरावर भाजायचा, आणि शेवटी फोडून तुपात बुडवायचा, असा बुडवायचा की वर यायचं नावच घेत नाही. तो वास चारही बाजूंनी यायचा आणि मास्तर दार लावून आत बसायचे. महिन्या-दोन महिन्यांत पायजम्याची नाडी कमरेला दोनदा फिरायला लागली. बंडी त्यांनी स्वतःच आत घेतली, चोरून, दुकानात. मालनच्या नजरेतून ते सुटलं नाही.

आणि मग बागलीला एका पटेलाकडे लग्नाचे कपडे शिवायचं काम निघालं. चार दिवस तिथंच मुक्काम. पहिल्याच दिवशी ताटात बाफले! मास्तर म्हणाले, मला वर्ज्य आहे. पटेल म्हणाला, लग्नघरी उपाशी राहणार का, अपशकुन करता का. आता तुम्ही सांगा, अपशकुन कसा करायचा? मास्तरांनी एक खाल्ला तो पटेलासाठी. दुसरा खाल्ला तो नवरदेवासाठी. तिसरा, चौथा कोणासाठी खाल्ला ते त्यांनाही आठवत नाही, डोळे मिटलेले होते.

परत आले ते चोरासारखे. मिशी साबणानं धुतली, सदरा विहिरीवरच पिळला, आणि घरात पाऊल टाकल्याबरोबर भाकरीची अशी स्तुती सुरू केली, अशी स्तुती सुरू केली, की मालन तव्याजवळून वळून बघायला लागली. म्हणाले, काय भाकरी आहे, असली भाकरी राजानं खाल्ली नसेल. मग तिच्यासाठी काचेच्या बांगड्या आणल्या. मग तिची चोळी फुकट शिवली. अहो, फुकट नाही तर काय बायकोकडून शिलाई घेणार होते का? पण मनाला खात होतं ना! ती बाई आपल्यामागे हळदीकुंकवाला जाऊन सांगते, "यांनी माझ्यासाठी सोडलं," आणि आपण बागलीला डोळे मिटून... कोणी सांगितलं होतं, कोणी सांगितलं होतं शपथ घ्यायला?

शेवटी सहन होईना तेव्हा मास्तरांनी उमाशंकरला सांगून टाकलं. उमाशंकर ऐकून एवढंच म्हणाला, "अरे भिया, पेट हे, कोई मंदिर थोड़ी हे." आणि पुढच्या रविवारी सकाळी सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आत, त्यानं मास्तरांना आपल्या गुळाच्या कोठीत बोलावलं. तिथं पोत्यावर झाकलेलं ताट होतं. आत दाळ, बाफले, तूप! मास्तर म्हणाले, भाभींना कशाला त्रास. उमाशंकर म्हणाला, खाओ, पूछो मत. मास्तरांनी विचारलं नाही. पण काय बाफले होते, तुम्हाला सांगतो! वरून खरपूस, आत लुसलुशीत, बडीशेप नेमकी, मीठ नेमकं. बागलीच्या पटेलाकडचे यापुढे काहीच नव्हेत. मग दर रविवारी तेच चाललं. मास्तर बाफला खायचे आणि नंतर आठवडाभर बाफला मास्तरांना खायचा. दर सोमवारी ठरवायचे, आता बस. शुक्रवारपर्यंत ठरलेलं असायचं. शनिवारी ढिलं पडायचं.

आणि एक दिवस मालननं बाही खाली ओढली. मास्तरांनी पाहिलं, कोपरावर पुन्हा पुटकुळ्या. पोटही पुन्हा दुखायला लागलं होतं, ती लपवत होती. अक्कानं मसूर घासला, करंजेल चोपडलं, कडुलिंब उकळून उकळून झाड ओकंबोकं केलं, काही उपयोग नाही. घरात तर गव्हाचा कण नाही! मग कुठून आलं? कुठून म्हणजे काय, मास्तरांना ठाऊक होतं कुठून. मनाशी म्हणाले, माझ्या हातातून आलं. माझ्या श्वासातून आलं. देवीची शपथ मोडली, ती माझ्या बायकोच्या अंगावर उठली. त्या रात्री मास्तर हमसून हमसून रडले, उशीत तोंड खुपसून, आणि मालन पलीकडे जागी होती, तीही रडत होती, आणि दोघांना वाटत होतं की दुसरं झोपलंय.

रविवारी पहाटे मास्तर उठले ते ठरवूनच. कोठीत गेलेच नाहीत. म्हणाले, आज सरळ जमनाभाभीला सांगतो. जमनाभाभी म्हणजे उमाशंकरची बायको. सांगतो की तुमचे उपकार फार झाले, यापुढे माझ्यासाठी एक बाफला करू नका. परसाच्या दारातून आत गेले. गोवऱ्यांचा धूर होता. जमनाभाभी बाजूला बसून लसूण सोलत होत्या. आणि आराजवळ चिमटा घेऊन, पदर खोचून बसली होती मालन. तिच्या हातात अर्धा बाफला होता आणि अर्धा तोंडात.

मालन तो घास गिळूही शकेना आणि थुंकूही शकेना. शेवटी गिळला.

मास्तर म्हणाले, "तू खातेस?"

"खात नाही हो," मालन म्हणाली. "आतून कच्चा राहिला का ते एक फोडून बघावं लागतं. फोडलेला तुमच्या ताटात कसा वाढायचा? आणि अन्न टाकू कुठं?"

ऐकलंत? काय झालं होतं, उमाशंकरनं मास्तरांचं गुपित जमनाभाभीला सांगितलं आणि जमनाभाभीनं त्याच दुपारी मालनला. मालनला राग आला का? छे! तिला लाज वाटली. आपल्यापायी हा माणूस वाळतोय, चोरून खातोय, बंडी आत घेतोय. पण घरात गहू आणायचा तर त्यांची शपथ मोडते, आणि आपल्याला कळलंय असं सांगायचं तर त्यांचं तोंड उतरतं. म्हणून ती दर रविवारी पहाटे इथं येऊन मळत होती. यांचं पाप यांच्या नकळत रांधून घालत होती! आणि दर रविवारी एक बाफला फोडून, अन्न वाया जाऊ नये म्हणून, स्वतः विष खात होती.

मास्तर तिथंच मातीत बसले. "मालन, मी तुला मारलं असतं गं," म्हणाले, आणि बाईमाणसांसमोर लहान पोरासारखे रडले. मालन म्हणाली, तुम्ही नाही, माझीच चूक. ते म्हणाले, नाही, माझी. ती म्हणाली, माझी. शेवटी जमनाभाभी लसूण टाकून उठल्या आणि म्हणाल्या, "थां दोई गेल्या हो, म्हारा बाफला बळी रिया हे." म्हणजे, तुम्ही दोघंही वेडे आहात, इकडे माझे बाफले जळतायत!

मास्तरांनी डोळे पुसले आणि उजवा हात वर केला. म्हणाले, आजपासून, देवीची... मालननं तो हात धरला आणि खाली ओढला. आयुष्यात पहिल्यांदा ती त्यांच्यावर आवाज चढवून बोलली. "खबरदार. पुन्हा शपथ घेतलीत तर मी पुन्हा मळायला बसेन. तुम्ही दर रविवारी इथंच, उजेडात बसून खायचं. बाफले भाभी करतील. मी पिठाला हात लावणार नाही. पण तुम्ही पोटभर जेवलात हे माझ्या डोळ्यांनी बघेन, तेव्हाच माझ्या घशाखाली भाकरी उतरेल."

आता मालन छान आहे. कोपरं पुन्हा स्वच्छ झाली, अक्का ते श्रेय मसुराला देते, देऊ दे. गावानं मास्तरांना देवपदावरून उतरवलं. आता त्याच बाया म्हणतात, बायको भाकरी खाते आणि हा उघड्यावर बसून तूप ओरपतो. तेही मास्तर सोसतात. पण एक गोष्ट आहे, कोणाला सांगू नका. जमनाभाभीला बाफले येत नाहीत. अजिबात येत नाहीत! वरून कोळसा आणि आतून कच्चं पीठ, दाताला चिकटलं की दुपारपर्यंत निघत नाही. त्या कधी फोडून बघतच नाहीत. दर रविवारी मास्तर पाटावर बसतात, पहिला घास घेतात, आणि परसाच्या भिंतीवरून मालन बघत असते, डोळे कसे भरलेले, चेहरा कसा समाधानी. विचारते, "बरे झालेत ना हो?"

मास्तर कच्चं पीठ गिळतात आणि म्हणतात, "भाभी, आणखी दोन वाढा."