थर्माकोलचं देऊळ आणि काळूची खोली

आजच्या सोहळ्याचे अध्यक्ष माननीय सदाशिवराव, आपल्या वनराई सोसायटीची धुरा नऊ वर्षं वाहून आता मुलाकडे पुण्याला निघालेले आपले चेअरमन आणि सत्कारमूर्ती प्रभाकरराव, त्यांच्या सौभाग्यवती प्रमिलाताई, सेक्रेटरी कल्पेशभाई, आणि जेवणाच्या वासाने सारखे मागे वळून पाहणारे माझे बंधुभगिनी,

प्रभाकररावांविषयी चार चांगले शब्द बोलावेत म्हणून मला उभं केलं आहे. बोलते. त्यांनी लिफ्ट चालू ठेवली, टाकी भरलेली ठेवली आणि गणपतीत थर्माकोलचं असं देऊळ उभारलं, की सबंध आमली भागात आपल्याला दुसरं बक्षीस मिळालं. झाले चार शब्द. आता एक गोष्ट सांगते. ती इथे सांगावी ही त्यांचीच इच्छा.

गोष्ट माझ्या कॉन्व्हेंटमधली. आमच्या सिस्टर हातात पट्टी घेऊन सांगायच्या, म्हणून पक्की लक्षात आहे. दावीद राजाने आपल्याच शिपायाची बायको घेतली आणि शिपायाला लढाईत मरायला पाठवलं. दरबार गप्प. तेव्हा देवाने नाथान नावाच्या संदेष्ट्याला सांगितलं, जा, राजाला तोंडावर बोल. आपल्याला कुणी असं काम सांगितलं तर आपण म्हणतो, जनरल बॉडीत बघू. नाथान मात्र गेला. म्हणाला, महाराज, एका श्रीमंताकडे कळपच्या कळप होते आणि शेजारच्या गरिबाकडे एकच कोकरू, पोटच्या पोरीसारखं वाढवलेलं. पाहुणा आला तेव्हा श्रीमंताने ते कोकरू कापलं. राजा कडाडला, असल्या माणसाला जिवंत सोडता कामा नये! नाथान म्हणाला, तो माणूस तूच. राजाची मान खाली गेली.

हीच गोष्ट मी मागच्या कमिटी मीटिंगमध्ये थोडी बदलून सांगितली. एका गृहस्थाचे दोन फ्लॅट, वर गच्ची. त्याच बिल्डिंगच्या वॉचमनला पंपाशेजारी एकच खोली. गृहस्थाने थर्माकोलचं देऊळ ठेवायला ती खोली घेतली, कुलूप लावलं आणि वॉचमन नवराबायको जिन्याखाली, मीटरपाशी झोपू लागले.

प्रभाकरराव टेबलावर हात आपटून उठले. "कोण हा नालायक? विजयाताई, नाव सांगा!"

मी म्हणाले, "तुम्हीच."

ते खो खो हसले. "वा! शेवट झकास आहे! माझ्या निरोपालाही हीच सांगा!" आणि त्यांनी त्या माणसाच्या निषेधाचा ठराव मांडला. एकमताने मंजूर. त्याला शोधायला समिती नेमली. समितीचे अध्यक्ष कोण? प्रभाकरराव. समिती पार अथाल गावापर्यंत जाऊन चौकशी करून आली म्हणे. टाळ्या कसल्या वाजवता? हात वर करणाऱ्यांत तुम्हीही होता!

खोली कुणाची, हे सगळ्यांना ठाऊक आहे. आपल्या वॉचमनने, काळूने, ती परत मागितली तेव्हा उत्तर मिळालं, "अरे, देवाचं घर आहे, देवाला बाहेर कसं काढू?" देव केव्हाच विसर्जनाला गेला. आता त्या देवळात पाली राहतात.

परवा काळूची बायको, मंजुळाबाई, माझ्या दारात आली. "ताई, रोशनीचं पहिलंच बाळंतपण. सासरचे तिला रविवारी खानवेलहून आणून सोडणार. लेकीला माहेरी आणायचं, तर माहेर दाखवू कुठं? मीटरखाली?"

आज शनिवार आहे.

काय म्हणता प्रभाकरराव? माइकवर बोला. "समिती त्याला सोडणार नाही." ऐकलंत सगळ्यांनी?

कल्पेशभाई, खुणा करू नका, मला ऐकू येतं. "बेन, पूरी ठंडी थाय छे." होऊ दे. आभार मानल्याशिवाय पंगत बसत नाही, ही आपली रीत, आणि आज आभार माझ्याकडे आहेत. खोलीची किल्ली मंजुळाबाईच्या हातात पडेपर्यंत मी ते मानणार नाही. मी शाळेत जन्मभर उभ्याने शिकवलं आहे, पाय दुखत नाहीत. आणि बायबलमध्ये संदेष्टे पुष्कळ आहेत. यिर्मया सुरू करू?

प्रमिलाताई, जरा मोठ्याने. "अहो, त्या तुमच्याबद्दलच बोलताहेत!" धन्यवाद, ताई. नाथानला राणीची अशी मदत झाली नव्हती.

आणि प्रभाकरराव विचारताहेत, "माझ्याबद्दल? पण मी तर समितीचा अध्यक्ष!" हो ना. म्हणूनच सापडला नाहीत.

...

किल्ली शोधताय? उजव्या खिशात बघा. तो जुडगा. माझ्याकडे नको, तिकडे द्या, ती पाण्याचे जग घेऊन उभी आहे तिला. मंजुळाबाई, जग ठेव खाली. आत्ताच जा. काय? देवळाचं काय करायचं? सत्कारमूर्तींना सोसायटीतर्फे सप्रेम भेट. उद्या त्यांच्याच सामानाच्या टेम्पोत चढेल आणि पुण्याला जाईल.

तर आता आभार. अध्यक्षांचे, पाहुण्यांचे, प्रमिलाताईंचे, आणि पुऱ्या गार होऊनही बसून राहिलेल्या तुम्हा सर्वांचे. माझ्या बोलण्यात काही उणं राहिलं असेल तर क्षमा असावी. अधिक झालं असेल, ते तसंच असू द्यावं. जेवायला उठा. मात्र चार धट्टीकट्टी माणसं आधी पंपाकडे चला, खोली झाडून धुवायची आहे. पहिलटकरीण उद्या सकाळच्या बसने येते आहे.